मोटारीचा दिवा का लुकलुकतो?

ग्रेटर नोएडाहून आग्र्यास जाणारा यमुना द्रुतगती मार्ग ऑगस्ट २०१२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. १६५ किलोमीटरांचा हा सरळसोट रस्ता हिवाळ्यात मात्र वाहनचालकांची परीक्षा पाहतो. डिसेंबर आणि जानेवारी या महिन्यांत यमुनेच्या खोऱ्यात पहाटेच्या वेळी असे दाट धुके साचते, की शंभर पावलांवरील वाहनही ओळखू येत नाही. म्हणून अलीकडच्या हिवाळ्यांत या मार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटरांवरून ७५ वर आणली जाते. तरीही ताशी ७५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २१ मीटर. मोटारीचे पुढील दिवे एका सेकंदापुरते जरी विझले, तरी तेवढ्या अवधीत ती मोटार आपल्या लांबीच्या पाचपट अंतर आंधळेपणाने कापते. आणि त्याहून वाईट गोष्ट ही, की रस्त्यावरील इतरांसही तेवढा वेळ ती दिसत नाही.

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब होत. त्यांचा व्यास साधारणतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. दिव्याचा प्रकाश या असंख्य थेंबांवर आदळून सर्व दिशांना विखुरतो आणि त्यातील बराचसा चालकाच्याच डोळ्यांकडे परत येतो. म्हणूनच धुक्यात वरचा झोत, ज्यास मिस्त्री लोक ‘अप्पर’ म्हणतात, तो लावल्याने अधिक दिसण्याऐवजी कमीच दिसते आणि चालकास खालच्या झोतावर, म्हणजे ‘डिप्पर’वर, अवलंबून राहावे लागते. दिल्लीच्या या धुक्याचा अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यापासून इंदिरा गांधी विमानतळावर उपकरणे बसवून चालविला आहे. धुके कधी उतरेल व कधी विरेल, याविषयीचे अंदाज त्यामुळे सुधारू लागले. तथापि धुक्यात शिरलेल्या मोटारीचा दिवा स्थिर जळेल की नाही, हे ठरविणारी गोष्ट अगदीच क्षुद्र असते. ती म्हणजे एखादा गंजलेला बोल्ट किंवा ढिला पडलेला पितळी चिमटा.

दिवा लुकलुकू लागला, की मालक प्रथम बल्ब बदलतो. दोन दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग तो बॅटरी बदलतो. त्यात काही हजार रुपये खर्ची पडतात आणि दिवा पूर्ववत् डोळे मिचकावीत राहतो. हा खर्च बहुधा व्यर्थ असतो, कारण अशा बहुतेक प्रसंगी बल्ब निर्दोष असतो आणि बॅटरीही. दोष असतो त्या दोहोंमधील एखाद्या सांध्यात. तो सांधा कोणता, हे शोधून काढणे घरी सहज साधण्यासारखे आहे. परंतु त्यासाठी विजेच्या स्वभावाची एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते.

विजेचा फेरा

बॅटरीच्या धन अग्रापासून निघालेला विद्युत्प्रवाह फ्यूज, रिले आणि स्विच यांमधून दिव्यापर्यंत येतो, बल्बातील टंगस्टनच्या तंतूस तापवून पांढरा करतो आणि बॅटरीच्या ऋण अग्राकडे परत जातो. जाण्याचा मार्ग सर्वांना ठाऊक असतो. परतीच्या मार्गाचा मात्र विसर पडतो. घरातील पंख्यास किंवा दिव्यास दोन तारा जोडलेल्या असतात. मोटारीत मात्र दुसऱ्या तारेचे काम बव्हंशी तिचे पोलादी अंगच करते. दिव्यापासून एक आखूड काळी किंवा तपकिरी तार निघते आणि जवळच्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली असते. तेथून प्रवाह पत्र्यातून वाहत जातो आणि बॅटरीजवळच्या जाड पट्ट्यातून ऋण अग्रास मिळतो. या जोडणीस सर्वत्र ‘अर्थ’ म्हणतात. जमिनीशी तिचा काही संबंध नाही. तारायंत्राच्या काळी परतीच्या तारेऐवजी खरोखरीच जमिनीचा उपयोग करीत, त्या प्रघातावरून हे नाव मोटारीस येऊन चिकटले आहे.

१९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने योजिलेली विजेची चालना आणि विजेचे दिवे कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आले. तोवर हँडल मारून एंजिन सुरू करावे लागे आणि दिवे पुष्कळदा वायूवर जळत. तेव्हापासून आजतागायत फेऱ्याची रचना मुळात बदललेली नाही. दिल्लीच्या शेजारी गुडगावात मारुतीच्या कारखान्यातून डिसेंबर १९८३ मध्ये पहिली लहान मोटार बाहेर पडली, तीतही हाच फेरा होता. आणि आज मानेसरच्या परीक्षणकेंद्रात ज्या नव्या वाहनांचे दिवे तपासले जातात, त्यांतही प्रवाहास जाऊन परत यावेच लागते.

भारतातील लहान मोटारींत अनेक वर्षे जो तीन पायांचा हॅलोजन बल्ब प्रचारात आहे, त्याच्या खालच्या झोताचा तंतू ५५ वॉटचा असतो. १२ व्होल्टच्या दाबाने त्यातून सुमारे ४.६ ॲम्पियर प्रवाह वाहतो. एंजिन चालू असता दाब १४ व्होल्टच्या आसपास चढतो, तेव्हा जवळजवळ ५ ॲम्पियर. हा आकडा लहान नव्हे. घरात २३० व्होल्टवर चालणाऱ्या हजार वॉटच्या इस्त्रीस साधारण तेवढाच प्रवाह लागतो. इस्त्रीचा प्लग ढिला असला तर तो कसा तापतो व काळा पडतो, हे गृहिणींस सांगावयास नको. मोटारीच्या दिव्यामागील सांधा त्याच योग्यतेचा प्रवाह वाहतो, आणि तोही थंडीवाऱ्यात व चिखलपाण्यात.

धातू धातूस कोठे भेटतो?

तारेचे टोक पत्र्यावर आवळले, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांस सर्वत्र टेकले असे आपण समजतो. वस्तुतः तसे नसते. अगदी घोटून गुळगुळीत केलेला धातूही सूक्ष्मदर्शकाखाली उंचसखल दिसतो. सह्याद्रीची एक रांग उलटी करून दुसऱ्या रांगेवर ठेवली, तर दोन्ही रांगा काही मोजक्या शिखरांवरच टेकतील. तशीच ही गत. सांध्याचे क्षेत्र बोटाच्या पेराएवढे असले, तरी वीज ओलांडून जाते ती अशा थोड्या सूक्ष्म बिंदूंमधूनच. बोल्ट घट्ट आवळला, की शिखरे चेपून ठिपके रुंदावतात. म्हणून घट्टपणाला एवढे महत्त्व.

आता या ठिपक्यांभोवती ओलावा शिरला, की गंज चढू लागतो. लोखंडाचा गंज आणि तांब्या-पितळेवरील हिरवा लेप हे दोन्ही विजेस अडवितात. त्यात भिन्न धातू एकत्र आले, जसे तांब्याची तार, कथिलाचा मुलामा दिलेले टोक आणि पोलादी पत्रा, तर क्षारयुक्त पाण्याच्या सान्निध्यात तेथे एक लहानसा विद्युत्घटच तयार होतो व त्यातील दुबळा धातू झिजू लागतो. दिल्लीत जुलै-ऑगस्टच्या पावसात मिंटो पुलाखाली किंवा गुडगावच्या सखल रस्त्यांवर मोटारी गुडघाभर पाण्यातून काढाव्या लागतात; मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि जानेवारीच्या पहाटे तो ४ अंशांच्या आसपास उतरतो. धातूचे हे वर्षभराचे प्रसरण-आकुंचन, पावसाचे गढूळ पाणी आणि हिवाळ्यातील दव, या तिहींनी सांधे हळूहळू सैल व मलिन होतात. त्यात आणखी एक उपद्रव उंदरांचा. सोसायट्यांच्या तळघरांत आणि झाडांखाली उभ्या केलेल्या मोटारींच्या उबदार एंजिनाजवळ ते बिऱ्हाड करतात आणि तारांवरील आवरण कुरतडतात.

बल्बामागील प्लास्टिकच्या होल्डरात आणखी एक प्रकार घडतो आणि तो विशेष लबाड आहे. होल्डरातील चिमटे व बल्बाचे पाय हे पुष्कळदा कथिलाचा मुलामा दिलेले असतात. मोटार धावताना ते एकमेकांवर मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाइतके घासत राहतात. प्रत्येक घासण्यात नवे कथिल उघडे पडते, हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि त्याची काळपट पूड दोन धातूंमध्ये साचते. बाहेरून होल्डर कोरडा, स्वच्छ, नवा दिसतो. आत मात्र धातू आणि धातू यांच्यामध्ये पुडीचा पडदा असतो. खड्ड्यात चाक गेले, की चिमटा किंचित हलतो, पडदा फाटतो किंवा पुन्हा जुळतो आणि दिवा लुकलुकतो.

असा सांधा किती नुकसान करतो, ते आकड्यांत पाहू. समजा, सांध्याचा रोध ओहमचा पाव भाग झाला. ५ ॲम्पियर प्रवाहास तो ओलांडताना सुमारे सव्वा व्होल्टचा दाब गमवावा लागतो. दाबात दहा टक्क्यांची घट म्हणजे प्रकाशातही दहा टक्क्यांची घट, असे मात्र नव्हे. टंगस्टनचा तंतू थोडा जरी थंड झाला, तरी त्याचा प्रकाश फार झपाट्याने ओसरतो. दाब दहा टक्के उतरला, तर प्रकाश सुमारे तीस टक्के कमी होतो. तापलेल्या तंतूंचा हा विषय दिल्लीस अपरिचित नाही. पुसा येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे, जिचे उद्‌घाटन सरदार पटेल यांनी २१ जानेवारी १९५० रोजी केले, पहिले संचालक के. एस. कृष्णन् यांनी तेथे आपल्या सहकाऱ्यांसह निर्वात नळीत विजेने तापविलेल्या बारीक तारांमध्ये तापमान कसे वाटले जाते, याचे मूलगामी संशोधन केले होते.

हरवलेला सव्वा व्होल्ट जातो कोठे? तो सांध्यातच उष्णता होऊन प्रकटतो. पाव ओहमच्या रोधातून ५ ॲम्पियर गेले, म्हणजे सुमारे ६ वॉट उष्णता, हातातील टॉर्चच्या जुन्या बल्बाच्या आठपट, पावट्याएवढ्या जागेत निर्माण होते. प्लास्टिक पिवळे पडते, मग तपकिरी, मग वितळते. चिमट्याची लवचिकता तापल्याने नाहीशी होते आणि पकड आणखी सैल होते. पकड सैल झाली की उष्णता आणखी वाढते. लुकलुकणारा दिवा आपोआप बरा का होत नाही, त्याचे हे कारण.

आधी पाहावे, मग उघडावे

अनुभवी वैद्य नाडी धरण्यापूर्वी रोग्यास चार प्रश्न विचारतो. येथेही बॉनेट उघडण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. त्यासाठी सायंकाळी मोटार भिंतीसमोर उभी केली, की पुरे.

दोन्ही दिवे एकदम लुकलुकतात की एकच? एकच असेल, तर बल्ब, त्याचा होल्डर किंवा त्याची अर्थची तार यांपैकी एखादा दोषी धरावा; बॅटरीवर आळ घेण्याचे कारण नाही. दोन्ही एकदम मिचकावत असतील, तर दोष दोघांना समाईक अशा जागी, म्हणजे रिले, स्विच, बॅटरीची अग्रे किंवा जनित्र येथे असणार.

लुकलुक खड्ड्यांच्या तालावर होते की एंजिनाच्या? खड्ड्यांच्या तालावर असेल तर सांधा ढिला आहे. एंजिनाचा वेग वाढविताच लुकलुक जलद होत असेल, तर अल्टरनेटरकडे पाहावे. या जनित्रात उलटसुलट वाहणारी वीज डायोडांच्या साहाय्याने एका दिशेस वळविली जाते. त्यांतील एक डायोड निकामी झाला, की दाबात लाटा उठतात. वातानुकूलन यंत्र सुरू होताक्षणी दिवे किंचित दबून पुन्हा सावरत असतील, तर तो दोष नव्हे; एंजिन मंद चालत असता जनित्रास एकाएकी अधिक भार उचलावा लागतो, एवढेच.

एक लक्षण मोठे मौजेचे आहे. ज्या मोटारींत दोन्ही तंतूंची अर्थ समाईक असते, तेथे एका दिव्याची अर्थ तुटली, की खालच्या झोताचा प्रवाह परतीचा मार्ग शोधीत वरच्या झोताच्या तंतूतून उलटा शिरतो आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून वाट काढतो. परिणामी एका बाजूचे दोन्ही तंतू मंद तांबूस जळतात आणि चालकासमोरील वरच्या झोताचा निळा खुणेचा दिवा, कोणी लावला नसताही, अंधुक उजळतो. हे दृश्य दिसले, की निदान झालेच समजावे. (काही मोटारींत स्विच ऋण बाजूस असतो, तेथे हा नियम लागू होत नाही. यास्तव गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका व तारांचा नकाशा जवळ असावा.)

पुढे दिवे लावून, एंजिन बंद ठेवून, एकाने दिव्याकडे पाहावे आणि दुसऱ्याने होल्डर, तारांचा जुडगा, फ्यूजपेटी आणि बॅटरीची अग्रे यांना क्रमाने हलकेच हलवावे. ज्या जागी हात लागताच दिवा थरथरतो, तेथे अर्धे काम झाले. निम्म्या तक्रारींचा निकाल या एका युक्तीने लागतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

मापकाची साक्ष

जे दोष हाताला सापडत नाहीत, त्यांच्यासाठी मल्टीमीटर हवा. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील लजपतराय मार्केटात तो काही शे रुपयांत मिळतो. त्यावरील व्होल्टचा आकडा तत्त्वतः ज्या राष्ट्रीय प्रमाणाशी पडताळला जातो, ते प्रमाण पुसा येथील पूर्वोक्त प्रयोगशाळेतच जतन केलेले आहे.

येथे बहुतेक हौशी दुरुस्तीकार फसतात. ते होल्डर बल्बापासून काढतात, मापकाच्या टोकदार शलाका रिकाम्या होल्डरात घालतात, १२ व्होल्टहून अधिक दाब पाहतात आणि तार निर्दोष ठरवितात. हा निवाडा चुकीचा आहे. मापक स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. त्याचा अंतर्गत रोध कित्येक लक्ष ओहम असतो. गंजलेल्या सांध्यातून, किंबहुना तुटत आलेल्या तारेच्या शेवटच्या एका केसातूनही, एवढा नाममात्र प्रवाह बिनतक्रार जातो आणि दाब पूर्ण दिसतो. अर्धवट तुंबलेल्या नळाचे तोंड बोटाने बंद धरले, तर बोटावर पाण्याचा दाब पूर्ण जाणवतो. बोट काढले, की मात्र करंगळीएवढी धार लागते. नळ तुंबला आहे की नाही, हे धार वाहत असतानाच कळते. तद्वत सांधा चांगला की वाईट, हे दिवा जळत असतानाच तपासले पाहिजे.

शाळेत हा प्रयोग दहा मिनिटांत करून दाखविता येतो. दोन कोरडे घट, टॉर्चचा बल्ब आणि दोन तारा यांचा फेरा पूर्ण करावा. त्यात एका ठिकाणी तारेची टोके गंजलेल्या खिळ्यावर टेकवावीत. बल्ब काढून त्याच्या जागी मापक लावला, तर सुमारे ३ व्होल्ट दिसतात आणि खिळा निर्दोष वाटतो. बल्ब पुन्हा बसवावा आणि मापकाच्या शलाका खिळ्याच्या दोन बाजूंस, तारांच्या टोकांवर लावाव्यात. बल्ब मंद दिसतो आणि त्याच्या वाट्याचे व्होल्ट खिळ्यावर मोजता येतात. खिळा काचकागदाने घासून चकचकीत केला, की खिळ्यावरील दाब जवळजवळ शून्यावर येतो व बल्ब उजळतो.

मोटारीतही हेच करावयाचे. समजा, द्वारका उपनगरातील एका गृहस्थांच्या दहा वर्षे वापरलेल्या मोटारीचा डावा दिवा लुकलुकतो. त्यांनी एंजिन सुरू करून खालचा झोत लावला, तेव्हा बॅटरीच्या दोन अग्रांमध्ये १४.१ व्होल्ट भरले. म्हणजे बॅटरी व जनित्र ठीक. मग जळत्या दिव्याच्या होल्डरात मागील बाजूने शलाका सरकवून पाहिले, तर १२.२ व्होल्ट. म्हणजे १.९ व्होल्ट वाटेत हरवले. ते कोठे? लाल शलाका बॅटरीच्या धन अग्रावर आणि काळी दिव्याच्या धन पायावर ठेवली, तर जाण्याच्या मार्गात ०.४ व्होल्ट खर्ची पडलेले दिसले. फ्यूज, रिले व लांब तार यांचा विचार करता हे क्षम्य आहे. नंतर लाल शलाका दिव्याच्या अर्थच्या पायावर आणि काळी बॅटरीच्या ऋण अग्रावर ठेवली. उत्तर आले १.५ व्होल्ट. चांगल्या स्थितीत हा आकडा व्होल्टच्या एक-दोन दशांशांहून अधिक असू नये. दोष परतीच्या वाटेवर आहे, हे सिद्ध झाले. आता काळी शलाका तशीच ठेवून लाल शलाका तारेच्या वाटेने पुढे न्यावी: आधी अर्थच्या बोल्टाखालील तारेच्या टोकावर, मग बोल्टाच्या डोक्यावर, मग शेजारच्या उघड्या पत्र्यावर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम १.५ वरून शून्याजवळ कोसळतो, त्यांमध्येच रोगी सांधा असतो.

दोन्ही दिवे लुकलुकत असतील आणि जनित्राचा संशय असेल, तर मापक उलटसुलट विजेच्या मापावर ठेवून चालू एंजिनात बॅटरीच्या अग्रांवर लावावा. तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर डायोड बिघडल्याचा संभव मोठा. ही दुरुस्ती घरची नव्हे. जनित्र कारागिराकडेच न्यावे.

दुरुस्ती

प्रथम काही पथ्ये. एंजिन थंड असावे आणि किल्ली काढलेली असावी. तरीही विजेवर चालणारा पंखा आपोआप फिरू लागण्याचा संभव असतो, म्हणून हात, मफलर व ओढणी त्यापासून दूर ठेवावी. बोटातील अंगठी काढावी. ती धन अग्र व पत्रा यांच्यामध्ये सापडली, तर क्षणात लालबुंद होते. बॅटरीजवळ काडी पेटवू नये, कारण तीतून हायड्रोजन निघत असतो. बॅटरी सोडताना आधी ऋण अग्र सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. म्हणजे पाना चुकून पत्र्यास टेकला तरी ठिणगी पडत नाही. संकरित किंवा विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी आवरणाच्या तारांना कधीही हात लावू नये. तसेच ज्या दिव्यांत तंतूऐवजी झेनॉन वायूतून विजेची ज्योत चालते, त्यांस पेटण्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. ते दिवे उघडण्याचे साहस घरी करू नये.

अर्थचा सांधा बरा करणे फार सोपे आहे. बोल्ट काढावा, तारेचे टोक आणि त्याखालील पत्रा दोन्ही काचकागदाने धातू उजळेपर्यंत घासावीत. रंगाच्या थरावर आवळलेला बोल्ट निरुपयोगी. रंग वीज वाहत नाही. दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट करावा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा, म्हणजे ओलावा आत शिरत नाही. व्हॅसलीन आधी चोपडून मग बोल्ट बसविण्याची खोड काहींना असते. घट्ट सांध्यात ती फारशी बाधत नाही, तरी क्रम उलटा असणेच बरे. द्वारकेच्या उदाहरणात या पंधरा मिनिटांच्या कामाने परतीच्या वाटेवरील घट १.५ व्होल्टवरून व्होल्टच्या वीसाव्या भागावर यावी आणि दिव्याच्या वाट्याला १३.६ व्होल्ट यावेत. प्रकाशात त्याने सुमारे ४५ टक्क्यांची वाढ होते. नवा बल्ब घालून ती कदापि मिळाली नसती.

बॅटरीच्या अग्रांवर पांढरा किंवा निळसर फुलोरा आला असेल, तर पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने धुवावा, कोरडे करावे, घासावे व चिमटे आवळावेत. रिलेचा संशय असेल, तर त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले तेथे बसवून पाहावा. हॉर्न गेला आणि दिवा सुधारला, तर न्याय झाला. होल्डर पिवळा पडला असेल, तर तो घासण्यात वेळ दवडू नये; कश्मीरी गेटच्या मोटार-साहित्याच्या बाजारातून चिनी मातीचा होल्डर आणून तारा पक्क्या दाबून जोडाव्यात, नुसता पीळ देऊन त्यावर चिकटपट्टी गुंडाळू नये. फ्यूज वारंवार जळत असेल, तर मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालणे म्हणजे पहारेकऱ्यास झोपविणे होय; तेथे तारेचे आवरण कोठे कुरतडले आहे, ते शोधावे.

बल्ब बदलणे खरोखरीच आवश्यक असेल, तर त्याच्या काचेस बोट लावू नये. बोटाचा तेलकट डाग तापून तेथील काच दुबळी होते. आतील वायू दाबाखाली असतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा. डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून पाहणे ही जुनी व खात्रीची कसोटी आहे: दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूस गेला, तर बल्ब दोषी, जागीच राहिला, तर तार.

करोल बागेतील किंवा अन्यत्रच्या दुकानांतून एलईडीचे बल्ब आणून हॅलोजनच्या जागी बसविण्याची सध्या चाल पडली आहे आणि लुकलुकीच्या कितीतरी तक्रारी त्यानंतर सुरू होतात. याचे कारण मनोरंजक आहे. टंगस्टनचा तंतू तापलेल्या तव्यासारखा असतो. वीज सेकंदाच्या शतांशापुरती तुटली, तरी तो तांबूस राहून ती उणीव झाकून नेतो. एलईडी मात्र तत्क्षणी विझतो. काही नव्या मोटारी बल्ब शाबूत आहे की नाही, हे पाहण्यासाठी तारेतून विजेचे अतिसूक्ष्म ठोके पाठवितात. काही तर दिव्यास अखंड प्रवाहाऐवजी जलद तुकड्यांनीच वीज पुरवितात. तंतूस ते कळत नाही, एलईडीस कळते. शिवाय हॅलोजनच्या तंतूसाठी आखलेल्या परावर्तकात एलईडीचा झोत भलतीकडेच पसरतो, समोरच्यास दिपवितो, आणि मोटार वाहन अधिनियम १९८८ अन्वये वाहनात मन मानेल तसा फेरफार करण्यास मनाई आहे, तीही ध्यानात घ्यावी. अशा वेळी मूळ जातीचा बल्ब परत बसविणे हीच दुरुस्ती.

दिवा उघडण्यापूर्वी एक गोष्ट मात्र विसरू नये. मोटार सपाट जमिनीवर भिंतीसमोर उभी करून खालच्या झोताची वरची कड दोन्ही दिव्यांसाठी खडूने आखून ठेवावी आणि चाके जेथे टेकली तेथेही खूण करावी. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून ही कड डाव्या अंगास किंचित वर चढलेली दिसते. काम संपल्यावर मोटार त्याच खुणेवर आणावी. कड जुन्या रेघेवर पडली, तर बल्ब आपल्या खाचेत नीट बसला आहे. रेघेच्या वर गेली असेल, तर बल्बाची तार पुन्हा काढून त्याचे तीन कान तीन खाचांत बसले आहेत की नाही, ते पाहावे.